नाशिक सहल, २४ ते २६ जानेवारी: बेत कसा लावायचा? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांऐवजी घरांचे नंबर)

ए-१०३: नाशिकच्या सहलीचं नक्की करतेय. शनिवार ते सोमवार, ठाण्याहून मिनीबस, १८ जण. त्यात ५ ज्येष्ठ आणि ४ मुलं. मुक्काम गंगापूर धरणाकाठी. शनिवारी कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी), रविवारी सायकलिंग, सोमवारी निघताना वाईन टेस्टिंग. काही बदल सुचवायचा असेल तर आजच सांगा, उद्या ॲडव्हान्स भरायचाय.

बी-४०२: ताई, सोमवारचं टेस्टिंग आधी काढा. २६ जानेवारी ड्राय डे असतो. वायनरीत बसून जेवता येईल, पण ग्लास भरून मिळणार नाही आणि बाटलीही विकत घेता येणार नाही. टेस्टिंग शनिवारी दुपारी ठेवा. जोडून सुट्टी असल्यामुळे गर्दी होणार, त्यामुळे स्लॉट आधी बुक करा. २१ वर्षांखालच्यांना वाईन देत नाहीत. कॉलेजची मुलं येत असतील तर ओळखपत्र बरोबर ठेवायला सांगा.

ए-१०३: अरे बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. मग शनिवारी टेस्टिंग उरकून संध्याकाळी कयाक?

डी-२०४: नको. पोटात वाईन असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही, अगदी एक ग्लास घेतला असला तरी. तोल आणि अंदाज दोन्ही सगळ्यात आधी जातात. शिवाय धरणावर दुपारनंतर वारा वाढतो. आडोसा नसल्यामुळे लाटा बारीक पण सलग येतात आणि नवख्याची कयाक आडवी होते. पाण्याचं काम रविवारी सकाळी, साडेदहाच्या आत संपवा.

एमटीडीसीच्या बोट क्लबवर त्या दिवशी कोणत्या बोटी चालू आहेत ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. कयाक मिळाली तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात आणि मग परतताना हात भरून येतात. पहिल्यांदा ४० मिनिटं पुरे. लाइफ जॅकेटचे सगळे बकल लावल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. मुलांच्या बाबतीत हे स्वतः तपासा. कयाक उलटलीच तर ती सोडून पोहत काठाकडे निघायचं नाही, तिलाच धरून राहायचं. उलटी कयाक तरंगते आणि लांबून दिसते.

सी-७०१: आणि बॅकवॉटरला पोहायला कुणालाही उतरू देऊ नका. जानेवारीत पाणी मागे सरकायला लागलेलं असतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. त्यापुढे तळ एकदम खोल जातो. धरणाच्या भिंतीवरही जायचं नाही, मातीचं धरण आहे आणि तिथे प्रवेश बंद असतो. ड्रोन घरीच ठेवा.

ए-१०३: काकू, ज्येष्ठांसाठी काय ठेवू? सगळ्यांना सायकल झेपणार नाही.

सी-७०१: त्यांना सोमवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला न्या, सगळ्यांनाच न्या. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि वाट सपाट आहे. साडेसातच्या आत पोहोचा. ऊन चढलं की पाण्यावर चकाकी येते आणि बदकांचे रंगच दिसत नाहीत.

जानेवारी म्हणजे पाहुण्या पक्ष्यांचा भर, जोडीला इथलेही असतात. चक्रवाक, हळदी-कुंकू बदक, वारकरी, शेकाट्या, चित्रबलाक आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर काठाशीच असतात. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. १२ पटीची हातात थरथरते. निफाडची थंडी साधी समजू नका, राज्यात सगळ्यात कमी तापमानाच्या बातम्या बऱ्याचदा तिथूनच येतात. कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा हवाच. भडक लाल-पिवळे स्वेटर मात्र नकोत.

ए-५०१: मुलांना द्राक्षबागा दाखवायच्या असतील तर जानेवारी उत्तम. आपल्याकडे वेलीला वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. फळ या दुसऱ्या छाटणीवर येतं, म्हणून आपली द्राक्षं हिवाळ्यात पिकतात. फ्रान्समध्ये तोडणी आपल्याकडच्या पावसाळ्याच्या अखेरीच्या सुमाराला होते. तसं इथे केलं तर केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांनी घड हातात येणार नाहीत. तोडणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. साधारणपणे आधी शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां ही पांढरी, मग शिराज, कॅबर्ने ही काळी. वाईनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण तापलेल्या घडाचा सुवास टाकीत पोहोचेपर्यंत उतरतो.

एक कळकळीची सूचना. बागेत शिरून घड तोडून खाऊ नका. फवारणी कधी झाली ते बाहेरच्याला कळत नाही, पायाखाली ठिबकच्या नळ्या असतात, आणि तो माल शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा असतो. वाईनचे मणी बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असतात, खायला मजाही नाही. खायची द्राक्षं रस्त्यावरच्या स्टॉलवर पेटीने मिळतात.

बी-४०२: वायनरी दोन पुरेत. सुला आणि यॉर्क एकाच गंगापूर-सावरगाव रस्त्यावर आहेत. यॉर्कवरून धरणाचं पाणी दिसतं, म्हणून ती सूर्यास्ताला ठेवा आणि सुलाची फेरी आधी करा. फेरीत फरशी ओली असते, ज्येष्ठांना पकड असलेले बूट घालायला सांगा. जेवून जा, अत्तर लावू नका. चव घेण्याचा क्रम स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची). गोड आधी घेतली तर नंतरच्या सगळ्या आंबट लागतात.

गाडीचं सांगतो. टेस्टिंगमध्ये साधारण ३० मिलिलिटरचे पाच घोट धरले तर १५० मिलिलिटर झाली, म्हणजे एक पूर्ण ग्लास. १३ टक्क्यांची वाईन असेल तर त्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. ६० किलोच्या माणसाच्या रक्तात हे प्रमाण १०० मिलिलिटरला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं आणि कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे ‘फक्त चव घेतली’ म्हणणाराही अडकतो. स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी ती मुक्कामी ठेवून मिनीबसने यायचं.

ए-१०३: बाटल्या घ्यायच्या असतील तर शनिवारीच घ्याव्या लागतील ना?

बी-४०२: शनिवारी किंवा रविवारी. बिल जपून ठेवा. बाटल्या खोलीत आडव्या ठेवा, बसच्या डिकीत नको. बंद डिकीत दुपारी इतकं तापतं की बूच वर सरकतं आणि वाईनला शिजल्यासारखी चव येते.

डी-२०४: सायकलिंगचं राहिलं. रविवारी सातला निघा. गोवर्धन ते सावरगाव आणि परत, डांबरी रस्ता सोडायचा नाही. दहानंतर गाड्या वाढतात. पाण्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा मोहात पाडतात, पण तिथे बाभळीचे काटे पडलेले असतात आणि एका फेरीत दोन-दोन पंक्चर होतात. तरी एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि पंप गटात हवाच. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक राहिलंय का बघा. ते राहिलं तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. भाड्याची सायकल घेताना टाच खालच्या पॅडलवर ठेवून पाय सरळ होतो का बघायचं, सीट त्याच उंचीला. खाली सीट ठेवली की गुडघे दुखतात आणि दोष चढाला दिला जातो. ग्लोव्हज घ्या, थंडीत ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत.

सी-७०१: शनिवारी वायनरीहून बसने परतणं सोडलं तर अंधार पडायच्या आत सगळे मुक्कामी हवेत, मुलं तर नक्कीच. उसाच्या कडेने संध्याकाळी पायी फिरू नका, त्या भागात बिबट्याचा वावर आहे. फिरायचंच असेल तर मोठ्यांबरोबर, टॉर्च घेऊन, रिसॉर्टच्या आवारात.

ए-१०३: मग असं लिहिते. शनिवार: सहाला निघणे, दुपारी वायनरी. रविवार: एक गट सायकल, एक गट बोटी, दुपारी आराम. सोमवार: पहाटे पक्षी आणि तिथूनच घरी. बस ड्रायव्हरला रस्ता कोणता सांगू?

ए-५०१: जाताना भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढून इगतपुरीला उतरा, कसारा घाट टळतो. सोमवारी परतताना नाशिकमध्ये शिरूच नका. नांदूर मध्यमेश्वरहून सिन्नरकडे या आणि गोंदे इंटरचेंजला समृद्धी धरा. फक्त पहाटे साडेपाचला निघायचं असल्याने रिसॉर्टचं बिल रविवारी रात्रीच चुकतं करा आणि नाश्त्याचे डबे मागून ठेवा. पक्षी बघताना साडेनऊ कधी वाजतात कळत नाही, तोवर मुलं भुकेली होतात.

ए-१०३: काका, डबे १८ सांगते. दुर्बीण कुणाकुणाकडे आहे त्यांनी इथे हात वर करा.