आजीचा थ्रीडी चेहरा मेणाचा का दिसतो?

निळी_खिडकी
मंडळी, दोन महिने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आजीचा चेहरा करतेय. तिला जाऊन सहा वर्षं झाली, हाताशी मोबाइलवर काढलेले नऊ फोटो. एकेक सुरकुती हाताने काढली, चमकी घातली, हनुवटीवरचं गोंदण केलं, कुड्यांच्या वजनाने ओघळलेल्या कानाच्या पाळ्यासुद्धा केल्या. आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण कोण ही?"

चेहरा फार गुळगुळीत झाला असेल म्हणून वरून नॉइज (आपोआप येणारा खडबडीतपणा) टाकला, तर आजी आजारी दिसायला लागली. रेंडर, म्हणजे मॉडेलचं तयार चित्र, खाली जोडलाय. काय चुकतंय?

रेंडर_रात्रपाळी
सिमेट्री, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करणारी सोय, चालूच ठेवलीस ना? दोन्ही पाळ्या तंतोतंत एका उंचीवर आहेत. आधी ती बंद कर. नॉइजही काढून टाक, तो म्हणजे वाकडेपणा कुठूनही आणून ओतणं. माणसाच्या चेहऱ्यात जे वाकडं असतं त्याला कारण असतं. आजी कुठल्या बाजूने चावायची? कुठल्या दाढा पडल्या होत्या? त्या बाजूचा गाल आत जातो, ओठाचा कोपरा खाली येतो. हे आईलाच विचार.

डोळ्यांत बुबुळ पूर्ण गोल दिसतंय, म्हणून आजी दचकल्यासारखी वाटते. वरची पापणी त्यावर थोडी उतरू दे. खालच्या पापणीच्या कडेला ओलाव्याची बारीक रेघ दे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग इतका पांढरा नसतो गं. रफनेस (कातडी किती चकाकते ते ठरवणारा आकडा) सगळीकडे एकच आहे, मेण तिथून येतंय. नाक-कपाळ जरा तेलकट, गाल कोरडे.

गोंदण तर कालच स्केचपेनने काढल्यासारखं आहे! शाई कातडीच्या आत असते. प्रकाश कातडीत शिरतो, आत पसरतो, मग बाहेर येतो. त्यामुळे कडा विरतात आणि काळा रंग हिरवट-निळा दिसतो. हेच सबसर्फेस स्कॅटरिंग. २००१ मध्ये येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते झटपट मोजायची रीत मांडली. त्याआधीचे संगणकातले चेहरे आठव, बहुतेक प्लास्टिकचेच.

अजून एक. फोटो हातभर अंतरावरून काढलेत. तसल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे पडतात. तुझा कॅमेरा ब्लेंडरच्या नेहमीच्या ५० मिमी लेन्सवरच असणार. लेन्स आणि अंतर जुळवल्याशिवाय फोटोवर मॉडेल बेतू नकोस.

सूत्रधार_नाही
एवढा अट्टहास कशाला? मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय: यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा आवडत जातो, पण अगदी जवळ आला की एकदम नकोसा होतो, आवडीच्या आलेखात दरी पडते. ती दरी ओलांडायला जाऊ नका, अलीकडच्या टेकडीवरच थांबा, असा त्यांचा सल्ला होता. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचे चेहरे लाकडी असतात म्हणून कुणाचं काही अडत नाही.

पेणचा_पोरगा
आमच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, सगळे सारखे. पण डोळ्यांच्या आखणीचा हात बदलला की मूर्ती बदलते. काका सांगतात, आखणी करताना फोटोकडे बघू नये, समोरच्या मूर्तीकडे बघावं. रात्रपाळीवाल्यांनी सांगितलंय ते सगळं करा ताई, पण डोळे शेवटी करा, एका बैठकीत.

निळी_खिडकी
@सूत्रधार_नाही, मला बाहुली नकोय हो, आजी हवीय.

रात्रपाळी दादा, सिमेट्री बंद केली, लेन्स जुळवली, गोंदण आत ढकललं. आईला दाढेचं विचारलं तर ती म्हणाली, डावीकडच्या तीन पडल्या होत्या, म्हणून मिश्री कायम उजव्या गालात. मला हे माहीतच नव्हतं. ते करून पुन्हा दाखवलं. या वेळी "कोण ही" म्हणाली नाही. चष्मा लावून जवळ आली आणि म्हणाली, "उजवी पाळी अजून खाली होती. तुटायला आली होती म्हणून तर त्या कानातली कुडी काढून ठेवली होती."

आता एक कुडी काढायला बसलेय.