रात्रभर गाडी चार्जिंगला लावून ठेवावी का?

मालाडकर
आमच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर फर्मान काढलंय: रात्री अकरानंतर स्टिल्टमध्ये (बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये) एकही इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला दिसता कामा नये, ‘ओव्हरचार्ज होऊन पेट घेईल’. आता बोला! बॅटरी भरली की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीतली यंत्रणा, स्वतःच चार्जिंग थांबवते. दिवसभर गाडी ऑफिसात, तिथे पॉइंट नाही. ३० युनिटची बॅटरी १५ अँपियरच्या सॉकेटवर भरायला दहा तास सहज जातात. मग रात्री नाही तर लावायची कधी?

गिरगावचा गणू
सेक्रेटरींचं बरोबर आहे. दुपारी धूर निघाला तर चार माणसं धावतील. रात्री दोनला कोण बघणार, डुलक्या काढणारा वॉचमन? लिथियमची आग विझली असं वाटतं आणि पुन्हा भडकते. वर पहिल्या मजल्यावर लोक झोपलेले असतात, राव.

मालाडकर
मग रात्री फ्रीजही बंद करा.

टेस्टरवाला
दोघंही बॅटरीवरून भांडताय, सॉकेटकडे कोणी बघतच नाही. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो. गाडी तेवढाच किंवा जास्त करंट रात्रभर ओढते. टर्मिनलचा स्क्रू जरा ढिला असला की तिथेच उष्णता साठते, आणि ते गाडीच्या बीएमएसला कळेलच असं नाही. जुन्या बिल्डिंगांत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत. कित्येकांनी तर जिन्याच्या दिव्याच्या लाइनवरून एक्स्टेंशन ओढलेलं असतं! सकाळी चार्जर बंद करून प्लग काढला की पिनांना हात लावून बघा. चटका बसला किंवा सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं, तर त्या रात्रीपासून चार्जिंग बंद. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग असेल तर खुशाल झोपा.

चेंबूरची चेटकीण
+१. पण ‘रोज रात्री फुल्ल’ हेही सरसकट बरोबर नाही हो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) बॅटरी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबवा. मे महिन्याच्या उकाड्यात १०० टक्क्यांवर उभी ठेवली की ती लवकर म्हातारी होते. एलएफपीचं (लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचं) वेगळं, तिला अधूनमधून पूर्ण भरावीच लागते, नाहीतर किती टक्के उरलेत याचा गाडीचा अंदाज चुकायला लागतो. आधी मॅन्युअल उघडा. (कोणी उघडत नाही, ठाऊक आहे.)

गिरगावचा गणू
आणि पावसाळ्यात? स्टिल्टमध्ये पाणी भरलं आणि सॉकेट जमिनीपासून हातभरच वर असलं तर?

टेस्टरवाला
तर सॉकेट वर घ्या. गाडी पाण्यात उभी असेल तर चार्जिंगला हातच लावू नका, दिवस असो की रात्र.

गिरगावचा गणू
ठीक. स्वतंत्र मीटर आणि वायरिंग असेल तर माझी हरकत नाही. साध्या सॉकेटवर मात्र विरोध कायम.

मालाडकर
मीटरसाठी सोसायटीची एनओसी मागून दमलो, गणूशेठ. ती अडवून कोण बसलंय? तेच सेक्रेटरी!