मदत हवी आहे: पाच किलोमीटर, आणि मी कधी बससाठीही धावले नाही!

नमस्कार मंडळी. मी पणजीत राहते, वय ४४. ऑफिसातल्या मैत्रिणीने कॅन्सरग्रस्त मुलांच्या मदतनिधीसाठीच्या ५ किलोमीटर दौडीत माझंही नाव घातलं. सहा आठवडे हातात आहेत.

रोज पहाटे साडेपाचला मिरामारहून दोना पावलाच्या रस्त्याने निघते. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. धाप आता कमी लागते, पण नडग्यांच्या पुढच्या बाजूला ठणका बसतो. जिने उतरताना कठड्याला धरावं लागतं. एकदा वाळूत पळून पाहिलं, तर पोटऱ्याच भरून आल्या. बूट तीन वर्षांपूर्वीचे, टाचेला एका बाजूने झिजलेले. दोष त्यांचा की माझ्या घाईचा? दुखतंय तोवर नुसतं चालावं का?

शिवाय इथला दमटपणा! दहा मिनिटांत टी-शर्ट पिळून काढावा लागतो. निघण्याआधी काय खाता? मी केळं खाऊन बघितलं, पोटात डचमळलं.

आणि देणगी मागायची कशी? नवऱ्याने ५०० रुपये दिले, तेही “पूर्ण धावलीस तर” या अटीवर. शेजाऱ्यांकडे तर तोंडच उघडत नाही. पहिल्यांदा धावलेल्यांनी जरूर सांगा.