न्यू फ्रंटियर आठ वर्षांच्या पोराला दाखवू का?

ऐरोलीकर: रविवारी लेकाचा वाढदिवस, सोसायटीतली आठ-दहा पोरं येणारेत, मला जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टोळीचा न्यू फ्रंटियर हा अ‍ॅनिमेशनपट लावायचाय, 2008 चा, थेट डीव्हीडीवर आलेला तो, चालेल ना?

घोडबंदरवाला: अरे नको, पीजी-13 आहे तो, म्हणजे तेराच्या आतल्या पोरांना काही भाग न झेपणारा! सुरुवातीलाच एक लेखक स्वतःला गोळी घालतो, मग कोरियातलं युद्ध. पोरं घाबरतील.

कोपरीची ताई: खरंय, पण तू स्वतः बघच. डार्विन कुकच्या कॉमिकवरचा आहे, 1950 च्या दशकातला काळ, आणि तो मंगळावरून आलेला बिचारा एकटाच टीव्हीसमोर बसून माणसं कशी असतात ते शिकतो, टीव्हीत दिसेल तसं रूप घेत जातो, मला तो सीन फार म्हणजे फार आवडतो.

ऐरोलीकर: बरं झालं विचारलं. पोरगा झोपला की रात्री आम्ही दोघंच बघतो.