आधी विचारा, होडी किती वाजता?

सिंधुदुर्ग किल्ल्यावर माहिती देणाऱ्या अ‍ॅपने पर्यटकाची आवड विचारून तेवढीच माहिती द्यावी, अशी एक सूचना वाचली, ती पटली. पण आवडीच्या आधी वेळ विचारा. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. त्यात आजीचे गुडघे नि कडेवरचं पोर. अशांना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी आणि शिवराजेश्वराचं देऊळ दाखवलंत तरी पुष्कळ. तटबंदीचं पुराण घरी वाचता यावं.

न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाने २०१५ मध्ये अशीच सोय केली होती. प्रत्येकाच्या हातात एक डिजिटल पेन. आवडलेल्या वस्तूच्या पाटीला ते टेकवायचं आणि तिकिटावरच्या वेब-पत्त्यावर नंतर आपला संग्रह उघडायचा. चालताना डोळे स्क्रीनला चिकटत नाहीत, हे मला त्यात जास्त आवडलं.

अशा अ‍ॅपची खरी गरज मात्र कातळशिल्पांना, म्हणजे कोकणातल्या सड्यांवर, उघड्या खडकाळ पठारांवर, कोरलेल्या जुन्या चित्रांना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती एवढा मोठा की कडेला उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. त्याच्या पोटात कोरलेले प्राणी सांगितल्याशिवाय कळतच नाहीत. तिथे वरून काढलेला फोटो मोबाइलवर हवा, आपण उभे असू त्या बाजूने फिरणारा. भर दुपारी कोणी पोचलं तर अ‍ॅपने सरळ सांगावं, संध्याकाळी या. तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. आणि सगळं ऑफलाइन हं! सड्यावर रेंज शोधत कोण फिरणार? जमलं तर मालवणीतलं निवेदनही ठेवा, चाकरमान्यांची पोरं त्यासाठी तरी कान देतील.