कडकनाथचा पैदाशीचा कोंबडा कसा निवडावा? लाल तुऱ्याचा दांडगा ठेवू का?

माणदेशी_शेळीवाला:
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातला. शेळ्यांच्या जोडीला गेल्या श्रावणात काळ्या कातडीचं, काळ्या मांसाचं कडकनाथ सुरू केलं. ओळखीच्या एकाकडून १०० पिल्लं आणली, त्यातली ८७ जगली. आता साडेपाच महिन्यांची झालीत. ४९ तलंगा (वयात येणाऱ्या तरुण कोंबड्या) आणि ३८ कोंबडे. कोंबडे बहुतेक विकायचेत, पैदाशीला पाच-सहाच ठेवायचेत. तिथंच अडलंय.

एक कोंबडा सगळ्यांत उजवा आहे. वजन २ किलो ४०० ग्रॅम, बाकीचे सव्वा-दीड किलोवर आहेत. चाल ऐटदार, तुरा मोठा आणि लालभडक. वडील म्हणतात, वळू दांडगा तर वासरं दांडगी, हाच ठेव. दुसरा एक दीड किलोचा आहे, अंगानं चांगला, पण मानेवर सोनेरी पिसं आलीत. तो भेसळीचा समजून विकायच्या पिंजऱ्यात टाकलाय. बरोबर करतोय ना? आणि ४९ तलंगांना किती कोंबडे लागतील?

शहाद्याची_ताई:
दादा, सोनेरी मानेचा अजून विकला नसेल तर आधी पिंजऱ्यातून बाहेर काढा. कडकनाथात तीन रंग असतात. एक पूर्ण काळा, एक मानेवर पांढऱ्या रेघांचा आणि एक सोनेरी. तिन्ही अस्सल. नुसत्या पिसांवरून काही ठरवू नका, कातडी बघा.

मी शहादा तालुक्यातली. आमच्याकडून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की अलीराजपूर, त्याच्यापुढं झाबुआ. कडकनाथचं माहेर तेच. तिथले भिल्ल-भिलाला लोक याला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर आपल्याकडं मागणी इतकी वाढली की काळं दिसेल ते पिल्लू कडकनाथ म्हणून विकलं जाऊ लागलं. २०१९ मध्ये कडकनाथमधल्या गुंतवणुकीच्या नावाखाली शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच काळात जातीची जी भेसळ झाली तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि ती निस्तरायला पैशांपेक्षा जास्त वर्षं लागणार आहेत.

आता तुमच्या लाल तुऱ्याच्या कोंबड्याविषयी. कडकनाथचा पूर्ण वाढलेला नर १.८ ते २ किलोचा, मादी १.२ ते १.५ किलोची. साडेपाच महिन्यांत २ किलो ४०० ग्रॅम म्हणजे त्याच्या अंगात दुसरं रक्त आहे असं मी समजेन. कडकनाथच्या कळपात वेगानं वाढणाऱ्या कोंबड्याकडं मी आधी संशयानं बघते, कौतुक नंतर.

यामागचं कारण नीट सांगते, कारण माझं नुकसान इथंच झालं. कडकनाथच्या काळेपणाचा गुण जोरकस आहे, संकरातही उतरतो. पण पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीकडं हा काळेपणा दाबणारा दुसरा एक गुण असतो, आणि कोंबडी तो फक्त आपल्या नर पिल्लांना देते, मादी पिल्लांना देत नाही. म्हणून कडकनाथचा कोंबडा अशा कोंबडीवर सोडला की तलंगा बापासारख्या काळ्या निघतात, आणि त्यांच्या भावांचा तुरा लाल, कातडी फिकट राहते. म्हणजे तुमच्याकडं लाल तुऱ्याचा एक कोंबडा असेल, तर त्याच्या बहिणी त्या ४९ तलंगांत काळ्याकुट्ट होऊन फिरत असण्याची शक्यता आहे. माझी खरी काळजी त्यांची आहे.

मी पहिल्या वर्षी असाच दांडगा कोंबडा ठेवला होता. पिल्लं ठणठणीत निघाली, वजनं भरली, मी खूश. त्या पिल्लांचीच अंडी पुढच्या वर्षी उबवणीच्या मशीनमध्ये घातली आणि एकविसाव्या दिवशी ट्रे ओढला तर कुणाची नखं पांढरी, कुणाचे पाय पिवळट, दोघांचं पोटच फिकट. साठ-सत्तर पक्षी गावठी म्हणून विकले आणि झाबुआहून पुन्हा पिल्लं आणली. दोन वर्षं गेली.

बघायचं कसं, तर रात्री. अंधारात पक्षी शांत असतो. काखेत धरा, अंगठा आणि तर्जनीनं चोच उघडा, बॅटरी मारा. जीभ आणि टाळू काळपट-जांभळे हवेत, जिभेचं टोक गुलाबी नको. मग छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा, कातडी दिसेल. शेवटी तळपाय उलटा करून बोटांमधला भाग बघा. बरेच जण तुरा बघून थांबतात, माझ्या मते तळपाय जास्त खरं सांगतो.

जातीची खात्री झाली की मग शरीर. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा, ते सरळ हवं. नडग्या सरळ, बोटं वाकडी नकोत. उभा राहिला की गुडघे आत वळतात तो बाद. निवड एकदाच करून मोकळं होऊ नका. मी दोन महिन्यांना, चार महिन्यांना आणि सहा महिन्यांना बघते, आणि दर वेळी वहीत लिहिते. दोन महिन्यांचा हिरो सहा महिन्यांना मागं पडतो आणि कोपऱ्यातला लाजरा पुढं येतो, असं दरवर्षी होतं. कधी आजारी पडला तेही लिहा. औषध न देता लवकर सावरलेला कोंबडा मला दोनशे ग्रॅम जास्त वजनाच्यापेक्षा प्यारा.

स्वभाव विसरू नका. माणसावर धावून येणारा मी ठेवत नाही, कितीही देखणा असो. घरात लहान पोरं आहेत आणि तो स्वभाव पिल्लांत उतरतो.

संख्येचं म्हणाल तर आठ-दहा तलंगांना एक कोंबडा. ४९ ना पाच, आणि दोन राखीव. राखीव कोंबडे तलंगांच्या नजरेआड, एकत्र वाढलेलेच एकत्र ठेवा, मग मारामारी कमी होते. तलंगांना अंडी सुरू झाली की लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य द्याल, पण त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कोंबड्याच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. तलंगा आपल्या गरजेप्रमाणं खातात, कोंबडे त्याकडं फिरकत नाहीत.

राजापूरकर:
ताईंच्या बोलण्यात एक भर. तुरा लाल दिसला म्हणून घाईनं बाद करू नका. अस्सल कडकनाथ नरातसुद्धा भर उन्हात, माजावर आला की तुऱ्यात लाली चढते, सावलीत तो पुन्हा जांभळा दिसतो. मी एक चांगला कोंबडा असाच घालवला. सकाळी सावलीत बघा. पण २ किलो ४०० ऐकून मलाही ताईंसारखंच वाटतंय.

दुसरं, कडकनाथची कोंबडी फारशी खुडूक बसत नाही. मी तिची अंडी घरच्या गावठी कोंबडीखाली घालतो, एका वेळी बारा. पैदाशीला ठेवायचे कोंबडे मी याच पिल्लांतून निवडतो. आईच्या मागं परसात फिरलेला कोंबडा घार ओळखतो, किडा सापडला की आवाज देऊन तलंगांना बोलावतो. मशीनमधून निघून ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्यात, वाढलेल्यांत हे मला कमी दिसलंय. माझी कोंबडी डालग्याखाली राहते, तुमच्यासारखी संख्या असेल तर जमेलच असं नाही. आणि लसीकरण चुकवू नका. इथं मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीत मानमोडी (राणीखेत रोग) आली, तीन दिवसांत खुराडी रिकामी झाली.

शहाद्याची_ताई:
राजापूरकर दादांचं बरोबर आहे, म्हणूनच मी तळपायावर भर देते. तळपाय ऊन-सावलीनं बदलत नाही.

माणदेशी_शेळीवाला:
ताई, दादा, काल रात्री आठ वाजता वडिलांना सोबत घेऊनच बघितलं. लाल तुरेवाल्याची जीभ काळी, पण टोक गुलाबी. छातीची कातडी राखाडी, काखेत तर जवळजवळ पांढरी. दोन बोटांच्या मधे पिवळट झाक. वडील बराच वेळ बॅटरी धरून उभे होते. सोनेरी मानेच्याचा टाळू शाईसारखा निघाला. त्याला परत आत घेतलाय.

बाकीचे ३६ पण बघितले. अजून चौघांचे तळपाय फिकट आहेत. म्हणजे पाच भेसळीचे. आता तलंगांचं काय करू? त्या सगळ्या बाहेरून काळ्याच आहेत, आणि दोन आठवड्यांपासून अंडी देतायत. पिल्लं दिली त्याला फोन केला, तो म्हणतो सगळी एकाच कळपातली.

शहाद्याची_ताई:
पाचही कोंबडे आजच वेगळे करा. विकताना गिऱ्हाईकाला संकर आहे हे सांगून विका, नाहीतर तेच रक्त तुमच्याच तालुक्यात फिरून येईल.

तलंगांची परीक्षा त्यांच्या पिल्लांवरून आणि त्या पिल्लांच्याही पिल्लांवरून होईल; काळेपणाचा गुण जोरकस असल्यानं पहिल्या पिढीत सगळी काळी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमच्याकडं अस्सल ठरलेले कोंबडे आहेत, ते मोठं भांडवल आहे. नऊ-दहा तलंगांचे पाच गट करा, प्रत्येक गटाला एक कोंबडा, पायात गटाप्रमाणं रंगीत रिंग. कोंबडीच्या अंगात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळं पुढचे तीन आठवडे एकही अंडं मशीनमध्ये घालू नका, खा किंवा विका. त्यानंतर गटवार अंडी घाला आणि पिल्लू निघालं की लगेच बोटांमधल्या पडद्याला गटाप्रमाणं छिद्र पाडा, म्हणजे मिसळली तरी ओळखतात. ज्या गटात फिकट पायाची पिल्लं निघतील त्या गटातल्या तलंगा एकेक करून वेगळ्या ठेवून तपासायच्या. अस्सल पिल्लू निळसर-काळं, पाठीवर वेड्यावाकड्या गडद पट्ट्यांचं असतं.

पुढच्या वर्षी पहिल्या गटातले निवडलेले कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात असे सरकवा. तलंगा जागच्या जागी. म्हणजे भाऊ-बहिणीची गाठ पडत नाही.

आणि त्या सोनेरी मानेच्याला पहिल्या गटात सोडा. चार महिन्यांनी त्याच्या पिल्लांचे तळपाय कसे आहेत ते इथं लिहा, मी वाट बघते.