लक्षद्वीपला किती पर्यटक झेपतील?

धागाकर्ता: जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, फोटो व्हायरल झाले आणि तेव्हापासून जो तो म्हणतोय मालदीव सोडा, इथेच रिसॉर्ट काढा. मला हे अजिबात पटत नाही. ३६ बेटं, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम दहा बेटांवर आणि २०११ च्या जनगणनेतच माणसं ६४ हजारांवर. त्यात नदी नाही की ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन राहतं, उपसा वाढला की विहिरीला खारं पाणी लागतं. स्विमिंग पूल कशावर भरणार?

प्रतिसाद १: पाण्याचा मुद्दा अर्धाच सांगितलात. राजधानीच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून खोल समुद्रातलं थंड पाणी वापरून खाऱ्याचं गोडं करणारा प्लांट चालतोय, नंतर बाकीच्या बेटांवरही झालेत. आणि तिथल्या शिकलेल्या पोरांनी करायचं काय? नारळ, मासेमारी नाहीतर सरकारी नोकरी, बस. पेशंट सिरीयस झाला तर हेलिकॉप्टरने कोचीला न्यावा लागतो. पैसा आला तर सोयी येतील ना! मालदीवने २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी दिली आणि साध्या घरांतही कमाई पोचली.

धागाकर्ता: प्लांटला वीज लागते, आणि तिथली वीज मुख्यतः डिझेलवर, ते डिझेल जहाजाने येतं. मालदीवचं म्हणाल तर मालेजवळचं थिलाफुशी बघा, कचरा टाकायला लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, भर घालून आख्खं बेट केलंय. इथे कचरा कुठे टाकणार? बेटाची वाळूच मुळात प्रवाळातून येते आणि १९९८, २०१०, २०१६ ला पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, भरपूर मेले. बंगारमच्या अटॉलमधलं (प्रवाळाच्या कड्यावरचा बेटांचा समूह) परळी-१ हे बेट तर झिजून पूर्ण गेलंसुद्धा.

प्रतिसाद २: लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटाबद्दल कोणीच बोलत नाहीये. तिथली ट्यूना मासेमारी गळ-काठीची, एकेक मासा ओढून काढतात, जाळं नाही. पण त्यासाठी आमिषाला बारीक जिवंत मासे लागतात आणि ते रीफवर (प्रवाळाच्या कड्यावर) नि लगूनमध्येच मिळतात. तिथे दिवसभर जेट स्की फिरवल्या आणि रीफ खराब झाली तर नुसता व्ह्यू जात नाही, लोकांचा धंदा जातो. ट्यूना उकडून, धूर देऊन, वाळवून जो मास करतात तोही गेला.

प्रतिसाद ३: अहो पण पाणबुडे आणि कोळी एकाच लगूनमध्ये राहू शकतात, जागा वाटून द्या. सध्या भारतीयांनासुद्धा परमिट काढावं लागतं, जहाजाच्या तिकिटाची मारामार, मग ठरलेल्या पॅकेजमध्ये जा आणि या. माणसांशी बोलणं होतच नाही. याला संस्कृती जपणं कसं म्हणायचं?

प्रतिसाद २: परमिट राहू दे, तेवढंच कुंपण आहे. बहुतेक बेटांवर तरवाडाची, म्हणजे आईच्या वंशाच्या एकत्र कुटुंबाची, जमीन आईकडून पुढे जाते, सामाईक असते. २०२१ च्या लक्षद्वीप विकास प्राधिकरणाच्या नियमांच्या मसुद्यात जमीन ताब्यात घ्यायचे अधिकार आले तेव्हा लोक उगाच नाही पेटले. बेटावरच्या कुटुंबांचे होमस्टे असतील तर माझा पाठिंबा, बाहेरच्या कंपनीला लीजवर बेट द्यायला नाही.

प्रतिसाद १: होमस्टे मलाही चालेल, पण परवानगी पटापट द्या, नाहीतर पोरं कोचीतच राहतील.

धागाकर्ता: द्या की, फक्त आधी प्रत्येक बेटाचं पाणी मोजा, त्यावरून माणसांचा आकडा काढा आणि तो द्वीप पंचायतीला ठरवू द्या. आणि प्लास्टिक ज्याने आणलं त्यानेच परतीच्या बोटीने न्यायचं.